उरलेले आठ तास

(अभ्यासवर्गाच्या समारोपात केलेले भाषण)



दिवसभर वेतन, पेन्शन आणि बदल्या यांवर चर्चा झाली. शेवटचा तास 'आपली आवड' या विषयाला ठेवला आहे. कार्यक्रमपत्रिका पाहून काही साथी हसले. पुस्तके, सिनेमा, कॅरम यांचा युनियनशी काय संबंध, असे त्यांनी विचारले. संबंध आहे, आणि तो जुना आहे.

१८८६ साली शिकागोचे कामगार रस्त्यावर आले ते आठ तासांच्या दिवसासाठी. त्यांचा हिशोब सरळ होता : आठ तास कामाचे, आठ विश्रांतीचे आणि उरलेले आठ आपल्या मर्जीचे. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने संप केला, त्यातही कामाच्या तासांचाच प्रश्न होता. आपण पगाराची स्लिप पै न् पै तपासतो. मर्जीच्या आठ तासांचा हिशोब मात्र कोणी मागत नाही.

पुढे जे सांगणार आहोत ती आम्हा चार-पाच जणांची मते आहेत. तो युनियनचा ठराव नव्हे. कोणाला पटले नाही तर जरूर भांडावे.

सिनेमात आमची पहिली पसंती '२७ डाऊन' या हिंदी चित्रपटाला. अवतार कृष्ण कौल यांचा हा चित्रपट १९७४ चा, म्हणजे आपल्या देशव्यापी संपाच्याच वर्षाचा. नायक तिकीट तपासनीस आहे. त्याला व्हायचे होते चित्रकार. पण इंजिन ड्रायव्हर असलेल्या वडिलांनी त्याला रेल्वेत चिकटवले. चित्रपट संथ आहे. आमच्यातल्या एकाला मध्येच डुलकी लागली, हेही कबूल करतो. पण व्ही.टी. स्टेशनवरची गर्दी पडद्यावर आली तेव्हा आमचे टी.सी. साथी उठून बसले. त्या वडिलांनी मुलाचे वाईट चिंतले नव्हते. पक्की नोकरी मिळावी, एवढेच त्यांना हवे होते. आपणही आपल्या मुलांच्या बाबतीत हेच करतो. म्हणून चित्रपट संपल्यावर आम्ही नायकाबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोललो. कोणाची पेटी सुटली होती, कोणाचे नाटक.

पुस्तकांत बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह (१९६३). शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परक्या गावी जात लपवून भाड्याने राहतो आणि जात उघडी पडल्यावर मार खातो. बदली होऊन परप्रांतात गेलेल्या आपल्यातील प्रत्येकाने खोली शोधलेली आहे. एका संध्याकाळी आम्ही ही कथा मोठ्याने वाचली. वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ साथी म्हणाले, "मला आडनाव विचारलं आणि लगेच 'खोली कालच दिली' असं सांगितलं." कित्येक वर्षे आम्ही एका डब्यातले जेवलो, एका घोषणेला हात वर केला, पण ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. सभेत आणि मोर्चात जे निघाले नाही ते एका कथेने बाहेर काढले.

टपाल खात्यातील साथी म्हणतील, आमचे काय? त्यांनी दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे बंगाली नाटक मिळवून वाचावे. मित्र टपाल खात्यात नोकरीला होते. नीळ पिकवायला लावलेल्या शेतकऱ्यांचे हाल त्यांनी या नाटकात मांडले. सरकारी नोकर असल्याने १८६० साली नाटक प्रसिद्ध झाले ते लेखकाच्या नावाशिवाय. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये महिनाभर कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. गावोगाव आणि दारोदार फिरणाऱ्या माणसाला जे दिसते ते कचेरीत बसलेल्याला दिसत नाही. बीटवरच्या पोस्टमनने एक वही ठेवली तर तीही कधी कामाची ठरेल.

छंदांत आमचे एक सॉर्टर साथी तिकिटे जमवतात. रेल्वेच्या शताब्दीनिमित्त १९५३ मध्ये निघालेले दोन आण्यांचे तिकीट ते फार जपतात. त्यावर १८५३ आणि १९५३ ची इंजिने आहेत. टपाल आणि रेल्वे एका चिठोऱ्यावर एकत्र आली, असे ते म्हणतात. खेळांत आमचा कौल कॅरमला. जागा कमी लागते आणि बोर्डाभोवती साहेब व खलाशी एकाच उंचीचे होतात.

या चर्चेत एका महिला साथीने आम्हाला टोकले. "तुमचे मर्जीचे आठ तास आमच्या चुलीवर शिजतात," त्या म्हणाल्या. ड्यूटी दोघांची सारखी, मग घरी गेल्यावर वाचायला फक्त एकटाच का बसतो? याला आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर बोलून देण्यासारखे नाही, भांडी घासूनच द्यावे लागेल.

आणखी एक चोर आहे, तो आपल्या खिशात बसतो. विश्रांतीच्या वेळी मोबाइलवर कचेरीचे निरोप येतात आणि आपण निमूटपणे उत्तरे देतो. निरोप नसले की बोट आपणच सरकवत राहतो. पहिल्या गोष्टीसाठी प्रशासनाशी भांडावे लागेल, दुसऱ्या गोष्टीसाठी स्वतःशी.

तेव्हा तीन कामे सुचवतो. युनियन ऑफिसातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली शोधा. सापडली नाही तर कुलूप तोडा. महिन्यातून एक संध्याकाळ कुटुंबासह वाचनाला किंवा सिनेमाला द्या. आणि पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक पुस्तक बरोबर आणावे.

जे आठ तास लढून मिळाले, ते झोपेत आणि बोटाखाली घालवायचे नसतात.

कामगार एकजुटीचा विजय असो!