पोत्यावरचे सूत्र वाचता आले पाहिजे
(बीड जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कपाशीवर लाल्या दिसू लागला की आपण मॅग्नेशियम सल्फेट आणतो. उसात किंवा सोयाबीनमध्ये जस्ताची कमतरता आढळली की झिंक सल्फेट आणतो. दोन्ही पांढरे खडे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. तळहातावर शेजारी शेजारी ठेवले तर मलाही नुसत्या नजरेने सांगता येणार नाही. दर मात्र झिंकचा पुष्कळ जास्त, आणि म्हणूनच झिंक सल्फेटच्या नावाखाली मॅग्नेशियम सल्फेट खपविण्याची लबाडी चालते. जमिनीत जस्त पडले नाही तर हंगाम गेल्यावरच कळते. तेव्हा पोत्यावर इंग्रजी अक्षरांत छापलेली ती एक ओळ वाचायची कशी, एवढेच आज सांगणार आहे.

सूत्र म्हणजे नाव आणि आडनाव. ‘झेडएन एसओ४’ यात झेडएन हे नाव, म्हणजे जस्त; एसओ४ हे आडनाव, म्हणजे सल्फेट. धातू आधी, घराणे नंतर, आणि वाचायचेही त्याच क्रमाने. एमजी म्हणजे मॅग्नेशियम, एमएन म्हणजे मँगनीज. या दोघांत गल्लत फार होते. एफई म्हणजे लोह, सीयू म्हणजे तांबे, के म्हणजे पालाश. घराणी थोडीच आहेत. एनओ३ नायट्रेट, पीओ४ फॉस्फेट, सीएल क्लोराइड. नावाच्या शेवटी ‘एट’ आले की त्यात प्राणवायू आहे असे समजावे. क्लोराइड, सल्फाइड यांत तो नसतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. दोघेही झिंक सल्फेटचेच भाऊबंद. युरिया या हिशेबात बसत नाही, त्यात धातूच नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात तो सेंद्रिय संयुगांत मोडतो, पण म्हणून सेंद्रिय शेतीत चालतो असे कोणी समजू नये!

आता सूत्रानंतरचा ठिपका पाहा. त्यापुढे ‘७ एच२ओ’ असेल तर खड्याच्या प्रत्येक कणाशी पाण्याचे सात रेणू बांधलेले आहेत. याला हेप्टाहायड्रेट म्हणतात. नुसते ‘एच२ओ’ असेल तर एकच रेणू, तो मोनोहायड्रेट. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे पहिल्यात किमान २१ टक्के आणि दुसऱ्यात किमान ३३ टक्के जस्त असावे लागते. म्हणजे हेक्टरी २५ किलो हेप्टाहायड्रेटची शिफारस असेल तर मोनोहायड्रेट सुमारे १६ किलो पुरते. दुकानात किलोचा भाव विचारतो तसा जस्ताच्या टक्क्याचाही भाव काढावा. नाहीतर पाण्याचेच पैसे मोजले जातात.

लोहाच्या बाबतीत नावातले एक अक्षरसुद्धा महत्त्वाचे. फेरस आणि फेरिक ही लोहाची दोन रूपे. हिरवट हिराकस उघड्यावर राहिला की पिवळसर तांबूस पडतो. त्यातले फेरस लोह फेरिक होत असते. गेवराई, माजलगावकडील गोदाकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हेच घडते. जमिनीत लोह असते, पण पिकाला सहज घेता येईल अशा रूपात राहत नाही. म्हणून तेथे केवडा दिसल्यास जमिनीतून देण्यापेक्षा ०.५ टक्के फेरस सल्फेटची फवारणी बरी. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी घ्यावी.

पी२ओ५ आणि के२ओ ही सूत्रे मात्र पोत्यातल्या पदार्थाची नव्हेत. पोटॅशच्या पोत्यात के-सीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड असते. पी२ओ५, के२ओ ही मोजण्याची जुनी रीत आहे. शिफारशीही त्याच मापात असल्याने आपला हिशेब चुकत नाही.

छापलेले खरे कशावरून, असे तुम्ही विचाराल. अर्धा ग्लास पाण्यात चमचाभर डीएपी विरघळवा, गाळ बसू द्या आणि वरचे निवळ पाणी घ्या. त्यात झिंक सल्फेटचे द्रावण ओता. खरे झिंक असेल तर लगेच गुठळ्यांसारखा घट्ट पांढरा साका होतो. मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तसा साका होत नाही. ही घरगुती पारख आहे, पुरावा नव्हे. थोडीफार भेसळ यात सापडणार नाही. संशय आला तर पोते शिल्लक ठेवून पक्क्या पावतीसह खत निरीक्षकांकडे तक्रार करावी व नमुना प्रयोगशाळेत पाठवावयास सांगावे.

याच साक्यामुळे डीएपी आणि झिंक सल्फेट एकत्र मिसळून देऊ नये, कारण जस्त आणि स्फुरद दोन्ही अडकतात. ठिबकवाल्यांनी तर आडनावे पाहूनच टाकी भरावी. कॅल्शियम नायट्रेट आणि कोणतेही सल्फेट एकत्र आले की जिप्सम तयार होऊन ड्रीपर बुजतात. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी सोडावे आणि मध्ये नळ्या साध्या पाण्याने धुवून घ्याव्यात.