आधी हातात, मग कार्डावर

आज बोलायचं आहे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना विरुद्धार्थी शब्द शिकवण्याबद्दल, आणि त्यासाठी आपण वापरतो त्या चित्रकार्डांबद्दल.

विकतच्या संचात बहुधा एका कार्डावर हत्ती असतो, दुसऱ्यावर मुंगी. दोन्ही कार्डं सारख्याच मापाची, आणि मुंगीही कार्डभर काढलेली. मूल 'हत्ती', 'मुंगी' अशी नावं सांगतं. 'मोठा-लहान' बाजूलाच राहतं. म्हणून जोडीत वस्तू एकच असावी आणि फरकही एकच. तोच तांब्या, भरलेला आणि रिकामा. तेच दार, उघडं आणि लावलेलं.

काही फरक तर चित्रात दिसतच नाहीत. जड-हलकं डोळ्यांना कळत नाही, ते हाताला कळतं. एका हातात मूठभर कापूस द्या, दुसऱ्या हातात दगड. कच्चं सीताफळ दाबायला द्या, मग पिकलेलं. कार्ड त्यानंतर दाखवा. हाताला कळलेलं आठवायला ते उपयोगी पडतं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला गोरगरिबांच्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांची वाट पाहिली नाही. दगड, पानं, शिंपले, बिया हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य झालं. बालाघाटाच्या डोंगरात आपल्याला याची काय वाण आहे?

शब्द शिकवताना नुसतं 'मोठा' म्हणू नका. मराठीत मोठा हंडा, मोठी घागर, मोठं भांडं. शब्द वस्तूसोबतच बोला, म्हणजे लिंगानुसार होणारा बदल मूल व्याकरणाशिवाय उचलतं. पेला, तांब्या आणि घागर शेजारी ठेवा. पेल्यापुढे मोठा असलेला तांब्या घागरीपुढे लहान होतो, हे कळलं की 'मोठा' शब्द खरा समजला. मूल 'बारकं' म्हणालं, 'वलं' म्हणालं, तर टोकू नका. तो घरचा शब्द आहे. त्याच्या शेजारी 'लहान' आणि 'ओलं' हलकेच ठेवा. आणि ओलं-कोरडं आपल्या मुलांना काय शिकवायचं? कोरडा हंडा आणि टँकरची वाट त्यांनी पाहिलेली असते. तिथूनच सुरुवात करा.

आता सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि अनेक लेकरं आईबापांबरोबर फडावर जातात. अंगणवाडी मागे राहते. तिथेही जोड्या आहेतच: गाडी भरलेली, गाडी रिकामी, उसाचा शेंडा वर, बुडखा खाली, सकाळी कोपीबाहेर थंडी, चुलीपाशी ऊब. त्यांना शब्द देणारं माणूस मात्र हवं.

म्हणून अंगणवाडीताईंना विनंती. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू घ्या, सहा जोड्यांची बारा कार्डं करा आणि टोळी निघण्याआधी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईकडे द्या. वाचता येत नसलं तरी चित्रं बघून ती बोलू शकेल. आणि आयांनो, रोज रात्री भाकरी होईपर्यंत एकच जोडी घ्या. लेकराला विचारा, ते सांगेल ते ऐका, आणि त्याचा शब्द पुन्हा त्याच्याशी बोला. एवढं केलंत, तर फडावरही त्याचं शिकणं थांबणार नाही.