यंदा कोणता विषय?

वर्षभरात अमुक इतकी पुस्तकं वाचायची, असा पण हल्ली बरेच वाचक करतात.
हे झालं वाचनाचं आव्हान.

नुसता आकडा ठरवला, की वर्षअखेरीस पातळ पुस्तकांची शोधाशोध सुरू होते!
म्हणून माझं ऐका.
विषय ठरवा.

एक विषय सुचवते.
आतापर्यंत चार मराठी लेखकांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.
वि. स. खांडेकर...
कुसुमाग्रज...
विंदा करंदीकर...
आणि भालचंद्र नेमाडे.

प्रत्येकाचं एक पुस्तक घ्या.

खांडेकरांची ‘ययाति’.
नेमाड्यांची ‘कोसला’.
या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचा.
मराठी गद्य किती बदललं, ते कानालाच कळेल.

कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’ हे नाटक मात्र मोठ्याने वाचा.
घरात संवाद वाटून घ्या.
एकाने अप्पा बेलवलकर व्हायचं, एकीने कावेरी.
शेजारी डोकावले, तर त्यांनाही एखादी भूमिका द्या.

विंदांचं ‘अष्टदर्शने’ सावकाश घ्या.
त्यात सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि आपला चार्वाक कवितेतून भेटतात.
एका बैठकीत एकच पुरे.

एखादं पुस्तक नाही रुचलं?
खुशाल बाजूला ठेवा.
त्याच लेखकाचं दुसरं घ्या.

पुन्हा सांगते.
आकडा राहू द्या, विषय ठरवा.

15 ऑक्टोबर म्हणजे डॉ. अब्दुल कलाम यांची जयंती.
महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन.
पण तोवर थांबू नका.
आजच जवळच्या वाचनालयात जा आणि पहिलं पुस्तक घरी आणा.