शाळेच्या पटांगणातला बाजार

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत बाल आनंद मेळावा किंवा बाल बाजार भरतो. पटांगणात गोणपाट अंथरून मुलं भाजी, बोरं, भेळ विकायला बसतात. गिऱ्हाईक म्हणजे आईवडील, गावकरी आणि गुरुजी. गुरुजी घासाघीस न करता पैसे देतात; मुलांना शिकवायचंच असेल, तर त्यांनी थोडी करावी.

कारण खरा धडा भावात असतो. सकाळी मेथीची जुडी 20 रुपयांना सांगणारी मुलगी, शेजारी आणखी चौघांनी मेथीच मांडली की 15 वर येते. उन्हं चढून पानांनी माना टाकल्या की 10 ला दोन. तिकडे लिंबू सरबतवाला एकटाच. त्याचा भाव दुपारी चढतो. मागणी-पुरवठा म्हणतात तो हाच.

हिशेबात मात्र एक गोम असते. साखर, लिंबं घरातूनच आली, तर गल्ल्यातले सगळे पैसे नफाच वाटतात. म्हणून आधी सामानाचा खर्च लिहायला लावा, मग विक्री, मग वजाबाकी. तोटा निघाला तर पदरचे पैसे घालू नका. तोही कळू द्या.

उरलेल्या पैशांसाठी बँक आहेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना, बँकेच्या धोरणात बसत असेल तर, स्वतः चालवायचं बचत खातं मिळू शकतं. त्याहून लहानांचं पालकांमार्फत उघडतं. पासबुकात व्याजाची पहिली नोंद पडली की ती मुलालाच वाचायला लावा. रक्कम दोन-तीन रुपयांचीच असेल, पण हे पैसे कुणी दिले, असं ते विचारणारच.