एका नाताळगीताचे कुळशील



वैशाखात नाताळची गोष्ट सांगावयास आम्ही उभे राहिलो, हे कोणास अवेळी वाटेल. पण गाण्यास ऋतू असला, तरी त्याच्या इतिहासास ऋतू नसतो.

आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा गोवून ठेवली. अभंग कोणाच्याही मुखातून ऐकला तरी कर्ता कळतो. ‘सायलेंट नाइट’ या जगप्रसिद्ध नाताळगीताच्या कर्त्यांस ही सोय नव्हती, आणि त्याचे फळ त्यांना भोगावे लागले.

१८१६ साली मारियाफार या आल्प्समधील गावी योसेफ मोर या तरुण पाद्र्याने जर्मन भाषेत सहा कडवी रचली. नेपोलियनच्या लढाया नुकत्याच संपल्या होत्या. मुलूख थकला होता. पुढे मोर साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडॉर्फला आला. साल्झाख नदीतून मिठाची वाहतूक करणाऱ्या नावाड्यांचे हे गाव. नव्या सरहद्दीने पैलतीरावरील लाउफेनपासून ते तोडले गेले होते. २४ डिसेंबर १८१८ रोजी मोरने आपले काव्य फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराच्या हाती दिले. त्याच दिवशी चाल बसली आणि त्याच रात्री सेंट निकोलस चर्चमध्ये दोघांनी ते गिटारच्या साथीवर गायिले. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, असे सांगतात. पण ग्रूबरच्या स्वतःच्या हकीकतीत उंदीर कोठेच नाहीत!

पुढे टिरोलमधील श्ट्रासर आणि रायनर या गायक कुटुंबांनी ते गीत दूरदूर नेले. रायनरांनी तर अमेरिकेपर्यंत. गीत गाजले, कर्ते मात्र हरवले. कोणी ते लोकगीत म्हणे, कोणी हायडनच्या नावावर घाली. १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारी संगीतमंडळाकडून चौकशी झाली, तेव्हा ग्रूबरने खरी हकीकत लिहून दिली. मोर १८४८ सालीच गरिबीत वारला होता.

१९१४ च्या नाताळात खंदकांतील जर्मन शिपायांनी हे गीत गायिले, तेव्हा समोरच्या इंग्रजांपैकी कित्येकांना ते शत्रूचे वाटले नाही.

मोरच्या हातची एक प्रत १९९५ साली उजेडात आली. काव्य १८१६ चे असल्याची नोंद तीत आहे. आणि चालीचा कर्ता म्हणून ग्रूबरचे नाव मोरने स्वहस्ते लिहिले आहे. जगाने दोघांस विसरावे, पण मित्राने मित्राचे श्रेय चुकवू नये, ही गोष्ट आम्हांस त्या गीताइतकीच मोलाची वाटते.

येत्या नाताळात हे सूर कानी पडले, तर ही दोन नावे आठवावी, एवढीच आमची विनंती.