दातांचा डॉक्टर वेगळा, पण माणूस एकच
(मंडळाच्या वार्षिक सभेत इंदूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभेत भाषेचा, शाळेचा, वॉर्डातल्या पाण्याचा विषय दरवर्षी निघतो. आज आम्ही दातांचा विषय घेऊन उभे आहोत, याचे काहींना हसू येईल. पण होळकरांच्या काळापासून इथे स्थायिक झालेल्या आपल्या घरांत आता वडीलधारी माणसेच जास्त उरली आहेत. चणे आहेत तर दात नाहीत, अशी त्यांची गत आहे.

आमच्या परिचयातल्या एका काकांच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला होता. नेहमीच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, औषधाच्या दुकानातून मलम आले. दर महिन्याला साखर तपासली जात होती, पण ‘तोंड उघडा’ असे कोणी म्हटले नाही. पाच महिन्यांनी कवळी टोचते म्हणून ते दंतवैद्याकडे गेले, तेव्हा कर्करोग निघाला. आज काका पेजेवर आहेत. प्रत्येकाने आपापले काम केले होते, पण एकाने दुसऱ्याला चिठ्ठी दिली नव्हती.

तोंड काही शरीरापासून वेगळे नाही. मधुमेह वाढला की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरड्या सुजून वाढतात. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणाऱ्याने दात काढण्याआधी ते स्वतःच्या मनाने बंद केले, तर जिवावर बेतू शकते. तिथे हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी आपसांत बोललेच पाहिजे.

मध्य प्रदेशाने २०१२ साली देशात सर्वप्रथम गुटख्यावर बंदी घातली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण जेवणानंतरची सुपारी घराघरांत राहिलीच. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही तोंडाचा कर्करोग करू शकते, हे आपल्या पानदानांना अजून कळलेले नाही.

मंडळी, साधने नाहीत असे नाही. इंदुरात १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्या आल्या, आता त्या शहरांतही आहेत. तिशीपुढच्या माणसांसाठी त्यांच्याकडे जो तक्ता असतो, त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, हे विचारलेले असते. २०१८ नंतर सरकारी आरोग्य केंद्रांच्या सेवांत मुखआरोग्यही धरले गेले. २०२३ पासून त्याच केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड मिळू लागले. पण ते कार्ड रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दात भरणे, कवळी बसवणे यांचा खर्च खिशातूनच होतो, म्हणून माणसे दुखणे अंगावर काढतात.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक आरोग्य मंदिरात महिन्यातला एक ठराविक दिवस दंतवैद्य बसावा. आशाताईंनी संशयित रुग्ण चिठ्ठीनिशी पाठवावा आणि काय निष्पन्न झाले ते उलट चिठ्ठीने त्यांना कळावे. मधुमेहाच्या तपासणीत हिरड्याही पाहाव्यात. यासाठी नवी इमारत लागत नाही, असलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचे आहे.

आपल्या समाजात डॉक्टर, औषधविक्रेते, निवृत्त परिचारिका काही कमी नाहीत. सुरुवात आपल्यापासून व्हावी. त्यांनी येत्या महिन्यात एकदा मंडळाच्या सभागृहात एकत्र बसावे आणि आपापल्या रुग्णांना कुठे पाठवायचे ते ठरवावे. आणि पालिकेच्या निवडणुकीत उमेदवार दारी येतील, तेव्हा पक्ष कोणताही असो, नळ आणि रस्त्यासोबत हाही प्रश्न आपण विचारावा. आपली मते थोडी असतील, पण आपण विचारले की उत्तर द्यावे लागते, हा आपला जुना अनुभव आहे.

आज घरी गेल्यावर आरशासमोर तोंड उघडून पाहा. दोन आठवड्यांत न भरलेले काही दिसले, तर पुढच्या सभेची वाट पाहू नका.