सात मण्यांची सरासरी



जीवशास्त्र घेतलं की गणिताशी फारकत, असं यवतमाळ, पुसद, वणीकडची बरीच मुलं धरून चालतात. त्यांच्यासाठी आज जीवशास्त्रात गणित वापरणाऱ्या डॉ. अशोक कोळस्कर यांच्याविषयी बोलायचं आहे.

१९७०च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी जी. एन. रामचंद्रन यांच्याबरोबर प्रथिनांच्या रचनेवर काम केलं. पुढे पुणे विद्यापीठातलं जैवमाहितीशास्त्र केंद्र त्यांनी नावारूपाला आणलं. त्यांचं सर्वांत परिचित काम १९९०चं, टोणगावकर यांच्यासोबतचं.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. हे मणी म्हणजे अमायनो आम्लं. विषाणूच्या माळेत आपली प्रतिपिंडं नेमकी कुठे चिकटतात, हे कळलं तर लस शोधणाऱ्याचं निम्मं काम हलकं होतं. दोघांनी प्रयोगांतून आधीच ठाऊक असलेल्या जागा तपासल्या आणि प्रत्येक मण्याला एक आकडा दिला. सिस्टीनला १.४१२, अस्पॅराजिनला ०.७७६. सलग सात मणी घ्यायचे, सरासरी काढायची, ती मधल्या मण्यापुढे लिहायची, मग एक मणी पुढे सरकायचं. सरासरी जिथे सलग चढी राहते, ती संभाव्य जागा. वहीत पेन्सिलीनेही करता येईल! अचूकता सुमारे ७५ टक्के. म्हणजे चारांतला एक अंदाज चुकणारच आणि प्रयोगशाळेला सुट्टी नाही. पण सुरुवात कुठून करायची, हे तरी कळतं. जगभरचे संशोधक आजही ही पद्धत वापरतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

१९९९ साली उर्मिला कुलकर्णी-काळे यांच्यासह त्यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूकडे मोर्चा वळवला. हा ताप डासांवाटे येतो आणि लहान मुलांना गाठतो. विदर्भाला तो नवा नाही. या विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचा आकार तेव्हा प्रयोगाने कळलेला नव्हता. युरोपात गोचिडीवाटे पसरणाऱ्या त्याच्याच एका भाऊबंद विषाणूचा मात्र कळला होता. त्यावरून संगणकावर या प्रथिनाची त्रिमितीय प्रतिकृती बांधली गेली.

२००१ ते २००६ या काळात कोळस्कर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. नंतर राष्ट्रीय ज्ञान आयोगाचे सल्लागार.

बीएस्सीच्या मुलामुलींनो, विषाणूंच्या प्रथिनांच्या माळा आज इंटरनेटवर फुकट मिळतात. एक उतरवून घ्या, आकड्यांचा तक्ता शेजारी ठेवा आणि पहिल्या सात मण्यांची सरासरी काढा.